छावणी उठल्यावर

मार्चमधली संध्याकाळ. विमान केम्पेगौडा विमानतळाकडे खाली येतंय आणि तुम्ही कपाळ खिडकीला टेकवलंय. खाली तांबडी जमीन, द्राक्षांचे मांडव, नीलगिरीचे काळसर चौकोन आणि एकही घर न उठलेल्या नव्या लेआउटांचे रस्ते. या सगळ्यात एक आकार वेगळा दिसतो. गावाला चिकटलेला लंबगोल, आणि त्याच्या कडेने ओळीने पुढे आलेले अर्धगोल बुरुज. हा देवनहळ्ळीचा किल्ला. ऊन तिरपं झालंय, त्यामुळे प्रत्येक बुरुजाची सावली लांब पडली आहे. उद्या तुम्ही तटावरून चालाल तेव्हा हा लंबगोल दिसायचा नाही. दगड दिसेल, चुना दिसेल, तटाला टेकलेली घरं दिसतील.

आता तटाच्या बाहेर बघा. शेतांमधून एखादी रेघ जाते का, जी कुठल्याच बांधाशी जुळत नाही? एखादा कोपरा उगाच गोलसर वळलाय का? तुम्ही त्याच्याचसाठी आला आहात. या किल्ल्याभोवती फौजांनी तळ दिले, वेढे घातले, हे कागदांत आहे. त्यातलं जमिनीत काय उरलं, ते शोधायचं आहे.

नजर हलवू नका. धावपट्टी आधी जाते. हा विमानतळ सुरू झाला तो २००८ साली. मग महामार्ग जातो, नीलगिरी जाते, विजेच्या तारा जातात. इंजिनाची घरघर थांबते आणि पायाखाली दगड येतो.

साल १७९१, मार्च संपत आलाय. तुम्ही बुरुजावर उभे आहात आणि दक्षिणेकडून, बंगळूरच्या वाटेने, धुळीचा लोट येतोय. २१ मार्चच्या रात्री इंग्रजांच्या लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूचा बंगळूरचा किल्ला चढून घेतला, २८ तारखेला तो उत्तरेला निघाला. निजामाचं घोडदळ त्याला वाटेत गाठायचं आहे. टिपू सुलतान आता चाळिशीचा आहे आणि त्याचा जन्म या तटापासून हाकेच्या अंतरावर झालेला आहे. तरी आज किल्ला लढत नाही. तोफ उडत नाही, दरवाजा उघडला जातो.

मग तळ पडायला लागतो. आधी घोडेस्वार येऊन पाण्याची जागा हेरतात. मागून पलटणी येतात, गोऱ्यांच्या आणि मद्रासकडच्या शिपायांच्या, आणि आखून दिल्यासारख्या ओळींत तंबू उभे राहतात. बैलांनी ओढत आणलेल्या तोफा एका बाजूला लागतात. इथवर सगळं शिस्तीत आहे. पण शिपाई संपले तरी माणसं येतच राहतात: बैल हाकणारे, गवत कापणारे, पाणके, धोबी, सराफ, दाणावाले, शिपायांच्या बायका, कडेवरची पोरं. लढणाऱ्यांच्या कित्येक पट ही माणसं आहेत आणि सूर्य बुडेपर्यंत ती येत असतात.

बुरुजावरून खाली उतरा आणि त्यांच्यातल्या एका बाईजवळ उकिडवे बसा. ती तीन दगड हुडकते. टाचेने माती उकरून वीतभर खळगा करते, दगड मांडते, आत वाळलेलं शेण आणि काटक्या सारते. चूल पेटते. मडक्यात मूठभर नाचणीचं पीठ पडतं. नवरा बंदूक पुसत बसलाय. त्याच्या कमरेच्या पिशवीतून शिशाची एक गोळी निसटते आणि घरंगळत गवतात जाते. त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. ती उचलू नका.

फौज पुढे जाते, आणि ही बाई जिथे बसली होती तिथे तीन काळवंडलेले दगड राहतात, त्यांच्यामध्ये भाजून लाल झालेला मातीचा चकता राहतो, आणि दोन हातांवर ती गोळी. बाकी राहुटीच्या खुंटांची भोकं, शेण, कडबा, फुटकं मडकं. एक पावसाळा भोकं बुजवतो. नांगर दगड बाजूला सारतो. चकता मात्र नांगराच्या फाळाखाली गेला, तर राहतो. भाजलेली माती सहजासहजी विरघळत नाही.

याच दिवसांत, टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने उतरलेली मराठी फौज कुठे आहे? चला धारवाडला. परशुरामभाऊ पटवर्धनांचा वेढा गेल्या सप्टेंबरपासून चालू आहे आणि एप्रिलच्या सुरुवातीला किल्ला हाती येणार आहे. इथला तळ तुम्हाला इंग्रजांच्या तळाहून निराळा वाटेल. कूच असेल तेव्हा बिनीवाले पुढे जातात, पाणी-वैरण पाहून निशाण रोवतात, आणि त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजार लागतो. सरदारांचे गोट आपापल्या जागी पडतात. घोडी अगाडी-पिछाडीला बांधलेली, तोंडाला कुळथाचे तोबरे. बाजाराच्या गल्लीतून चालून बघा. कर्नल विल्क्सने पुढे म्हैसूरचा इतिहास लिहिला, त्यात मराठी तळाच्या अशाच बाजाराचं वर्णन आहे: काश्मिरी शालींपासून विलायती चाकूपर्यंत, हिऱ्यांपासून खेड्यातल्या गरीब पोरीच्या कानातून ओढलेल्या चांदीच्या डुलापर्यंत सगळं विकायला मांडलेलं. तो डूल विसरू नका. छावणीचं पोट कशावर भरत होतं, हे त्याच्यात दिसतं.

पण या गजबजलेल्या गावाला खंदक कुठे आहे? तट कुठे आहे? वेढ्याचे मोर्चे किल्ल्याकडे तोंड करून आहेत. बाजाराभोवती, राहुट्यांभोवती मात्र काही नाही. संरक्षण घोडदळाच्या टेहळणीवर आणि वेगावर. तळ उठला की जागा पुन्हा माळ होते. पानिपतापासून आपण बाजारबुणग्यांना बोल लावत आलो, पण दख्खनच्या दोनशे वर्षांच्या लढायांत सगळ्यात जास्त माणसं होती ती हीच, आणि त्यांनी जमिनीवर जे लिहिलं ते सगळ्यात पुसट आहे. माझ्या मते त्यांच्या चुली शोधणं हे तोफांच्या शोधाइतकंच मोलाचं काम आहे.

पुसट नसलेला तळ पाहायचा असेल तर फार मागे जावं लागेल. इसवी सनापूर्वी ५२, आजचं फ्रान्स, आलेसियाची टेकडी. वर गॉल लोक अडकलेत, खाली सीझरची सैन्यं आहेत, आणि तुमच्या हातात कोणीतरी कुदळ दिली आहे. रोमन शिपाई चालत्या मोहिमेवरही मुक्कामाला पोचला की तलवार ठेवून कुदळ उचलायचा. दोऱ्या ताणून आयत आखायचा, त्याचे कोपरे गोलाकार करायचे, भोवती चर खणायचा, निघालेल्या मातीचा आतल्या बाजूला बांध घालायचा. आत रस्ते ठरलेले, सेनापतीचा तंबू ठरलेला, आठ-आठ जणांच्या तंबूंच्या ओळी ठरलेल्या. आलेसियाला तर वेढ्याचे दोन पदर आहेत, एक टेकडीकडे तोंड करून आणि दुसरा बाहेरून येणाऱ्या मदतीकडे. चराचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता आहे. खणताना घाम तुमच्या डोळ्यांत जातो आणि वरच्या काळसर मातीखालचा फिकट थर कुदळीला लागतो. लक्षात ठेवा, तुम्ही आत्ता एक थर फोडलात. हा चर पुढे गाळाने भरेल, पण ती माती आजूबाजूच्या न हललेल्या मातीसारखी पुन्हा कधीही होणार नाही.

तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ या काळात इथे खणून घेतलं. तरी हेच आलेसिया का, यावर वाद चालूच राहिला. मग रने गोगे नावाचा माणूस विमानातून या शेतांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढत राहिला, आणि १९९१ ते १९९७ मध्ये फ्रेंच-जर्मन पथकाने त्या छायाचित्रांतल्या रेघांवर चर घेतले. सीझरचे खंदक जागेवर होते.

वरून ते दिसतात कसे? गोगेच्या मागच्या खुर्चीत बसा. गव्हाचं शेत पिवळं पडत आलंय आणि त्यातून एक हिरवी पट्टी चाललीय, रुळासारखी सरळ, कोपऱ्यावर अलगद वळणारी. त्या पट्टीखाली बुजलेला चर आहे. चरातली भुसभुशीत माती ओल जास्त धरते, म्हणून तिथलं पीक उंच वाढतं आणि उशिरा पिकतं. खाली पुरलेली भिंत असेल तर उलट: मुळं दगडाला अडतात, पीक खुरटतं, लवकर वाळतं. पाऊस भरपूर झाला की फरक पुसला जातो. दुष्काळी वर्ष या कामाला सोन्याचं. ब्रिटनमध्ये क्रॉफर्डने १९२० च्या दशकात ही विद्या मांडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजच्या सेंट जोसेफने तिच्या जोरावर रोमन तळांमागून तळ शोधले. बांधावर उभं राहणाऱ्याला ते दिसत नाहीत. मोठी रांगोळी तिच्यावर पाय ठेवून पाहावी तसं होतं.

आता परत आपल्याकडे या, पण थेट देवनहळ्ळीला नको. १९४७, चित्रदुर्गाच्या डोंगराखाली चंद्रवल्ली. चराच्या काठावर मिशीवाला ब्रिगेडियर उभा आहे, मॉर्टिमर व्हीलर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक. तरुणपणी त्याने वेल्समध्ये सेगोंशियम आणि ब्रेकॉन गाएर हे रोमन लष्करी किल्ले खणले आहेत. चर कसे नीट चौकोनी ठेवलेत पाहा, मधल्या भिंती न खोदता सोडल्यात, आणि त्या भिंतींवर थराथरांना चिठ्ठ्या टोचल्यात. कामगार टोपल्या भरून माती काढतात, पण प्रत्येक खापर कोणत्या थरातलं ते लिहिल्याशिवाय हलत नाही. याच माणसाकडे इंग्लंडातल्या मेडन कासलच्या उत्खननात हसमुख सांकलिया शिकले, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्राची प्राचीन जमीन उलगडली. रोमन छावण्यांवर घासून धारदार झालेली शिस्त अशी आपल्याकडे आली.

चंद्रवल्लीच्या मातीतलं एक नाणं तळहातावर घ्या. चांदीचं, बोटाच्या पेराएवढं, त्यावर सम्राट टायबेरियसचं डोकं. देवनहळ्ळीहून फार लांब जायला नको, बंगळुरातच यशवंतपूरला १८९१ मध्ये आणि एचएएल विमानतळाजवळ १९६५ मध्ये रोमन चांदीच्या नाण्यांचे साठे निघाले. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात काशाचा पोसायडन निघाला, तो आजही तिथल्या संग्रहालयात उभा आहे. मग प्रश्न येतोच: रोमन सैन्य इथे होतं का? पॉयटिंगरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या रोमन नकाशावर केरळातल्या मुझिरिस बंदराजवळ ऑगस्टसचं देऊळ दाखवलंय, आणि काही जुन्या इतिहासकारांनी तिथे रोमन पलटणी असल्याचंही लिहून टाकलं. पण व्हीलरने १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू खणलं, २००७ पासून केरळात, मुझिरिस हेच असावं असं मानलं जातं ते पट्टणम खणलं गेलं, तिथे मद्याच्या कुंभांची खापरं निघाली, मणी निघाले, धक्का निघाला. छावणी निघाली नाही. नाणं मिऱ्याच्या मागे चालत येतं. चर खणायला शिपाई स्वतः यावा लागतो. या मातीत रोमचा व्यापारी पुराव्याने उभा राहतो, शिपाई राहत नाही, आणि पुरावा नसताना त्याला उभा करू नये.

म्हणून देवनहळ्ळीला तुम्ही रोमन तळ शोधायचा नाही. रोमन तळ ज्या रीतीने शोधतात त्या रीतीने आपला तळ शोधायचा. आणि त्यासाठी १७९१ हे साल चुकीचं आहे. तो मुक्काम थोडक्यातला होता. अजून मागे जा, १७४९.

किल्ला अजून दगडी झालेला नाही. १५०१ मध्ये मल्लबैरे गौडाने बांधलेला मातीचा कोट आहे, आत त्याच्याच वंशातला पाळेगार आहे, बाहेर म्हैसूरचा नंजराज. वेढा एका रात्रीचा नाही, महिन्यांमागून महिने चाललाय. त्यामुळे इथे माणसं खणतात. पाहा, तोफांसाठी दमदमे उठवतायत. त्यांच्या मागून वाकडेतिकडे चर तटाच्या दिशेने सरकतायत, सरळ नेले तर तटावरून थेट गोळी येईल म्हणून. घाण टाकायचे खड्डे, दारूगोळा झाकायचे खड्डे, पावसाचं पाणी काढायच्या नाल्या. या चरांत तिशीच्या आत-बाहेरचा एक माणूस पुढे पुढे करताना दिसतो, मातीने माखलेला. हैदर, टिपूचा बाप. या वेढ्यात त्याने जे शौर्य गाजवलं त्याच्या बदल्यात नंजराजने त्याला ५० स्वार आणि २०० प्याद्यांची सरदारी दिली. पुढचं सगळं, म्हैसूरची गादी, दगडी तट, पेशव्यांशी झुंजी, टिपू, कॉर्नवॉलिस, या खणलेल्या मातीतून निघालं. तो चर सापडला तर काय मोलाचा ठरेल, याचा विचार करा.

आता आजच्या दिवसात या आणि कामाला लागा. विमानतळ इतक्या जवळ असताना परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही, तेव्हा आधी जुनी छायाचित्रं मागवा. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान फिल्मवर जग टिपलं. फिल्मचे डबे आकाशातून सोडायचे आणि विमानाने ते हवेतच झेलायचे. ती चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत जी देवनहळ्ळी दिसेल तिच्यात विमानतळ नाही, लेआउट नाहीत. त्यांच्यावर २००५ साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ ची चित्रं ठेवा. कॉर्नवॉलिसच्या मोहिमेतले नकाशे त्यांच्याखाली सरकवा. हे स्वप्नरंजन नाही. बंगळूरच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये एम. बी. रजनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं जुळवून बंगळूरच्या जवळजवळ नाहीशा झालेल्या दगडी किल्ल्याची रेषा आजच्या रस्त्यांत शोधून काढली आहे.

आपल्या देशावरची काळी जमीन या कामाला रुसते. ती ओल फार दिवस धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि स्वतःलाच उलटीपालटी करते. देवनहळ्ळीची तांबडी जमीन पाणी लवकर सोडते, म्हणून नाचणी पोटरीत असताना पावसाने ताण दिला, तर बुजलेल्या चरावरची पट्टी उमटायची शक्यता इथे जास्त. पण पट्टी दिसली म्हणून नाचू नका. तो मोडलेला बांध असेल, जुनी गाडीवाट असेल, पाण्याचा पाइप असेल. हवाई छायाचित्र संशय देतं. खात्री खणल्यावरच होते. आणि वेळ कमी आहे. जेसीबीने एकदा माती खरवडून प्लॉट पाडले की चकते, चर, गोळ्या सगळंच एका दिवसात ट्रकमध्ये जातं. हे होताना मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की जे नष्ट झालं त्याची नोंदही राहत नाही.

समजा, पट्टी टिकली. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना आला, शेतमालकाने हो म्हटलं. एप्रिलचं ऊन आहे, शेत रिकामं आहे. पट्टीला आडवा चर घ्या, दोन मीटर रुंद. नांगराखालची सैल माती काढा आणि थापीने तळ खरवडून घ्या. गेरूसारख्या तांबड्या, घट्ट मातीत जर मळकट तपकिरी पट्टा आडवा गेलेला दिसला, तर थांबा. फोटो घ्या, मग त्या पट्ट्याचीच माती उतरवा. चराची बाजू कशी जाते ते बघा. तळाला बारीक वाळूचा गाळ असेल, तर तो काही काळ उघडा होता आणि पावसाने भरला. त्यावर गठ्ठ्याने पडलेली माती असेल, तर कोणीतरी मुद्दाम बुजवला. कोळसा मिळाला तर त्याला हात न लावता पिशवीत घ्या. गोळी मिळाली तर तिचा आकार पाहा. गोल गुळगुळीत असेल तर ती कोणाच्या तरी पिशवीतून पडली. चपटी असेल तर ती उडाली आणि कशावर तरी आदळली.

आणि एका चरावरून वेढा सिद्ध होत नाही. तो तटाकडे सरकणारा मोर्चा असेल तर त्याला थोडं पुढे नागमोडी वळायलाच हवं. पाण्याची नाली असेल तर ती उताराने सरळ जाईल. म्हणून दुसरा चर १५ मीटर पुढे, किल्ल्याच्या अंगाला. खुंट्या ठोका, दोरी ताणा, आणि जरा हात चालवा, कारण मालकाला पहिल्या पावसाच्या आत दोन्ही चर बुजवून हवेत. त्याला नाचणी पेरायची आहे.